आधी वाट, मग देऊळ

इटलीतल्या बोलोन्या शहरात टेकडीवरच्या चर्चला जायला एकेकाळी रोपवे होता. 1931 साली तो कौतुकानं सुरू झाला. पुढे घरोघरी मोटारी आल्या, त्याचं गिऱ्हाईक आटत गेलं आणि 1976 साली तो बंद पडला. एकूण आयुष्य पंचेचाळीस वर्षांचं. त्याच टेकडीवर एक पायवाट चढते. तिच्यावर सलग छप्पर आहे आणि एका अंगाला कमानींची रांग. तिचं काम 1674 साली सुरू झालं. ती अजून चालू आहे, म्हणजे खरोखरच चालती आहे. रोज सकाळी माणसं तिच्यावरून वर जातात. कुणी नवस बोलायला, कुणी धावायचा व्यायाम करायला, कुणी काहीच कारण नसताना.

आपल्याकडे सध्या डोंगरावरच्या जवळजवळ प्रत्येक देवस्थानाला रोपवे हवा आहे. केंद्र सरकारनं 2022च्या अर्थसंकल्पात डोंगराळ भागात रोपवे बांधायची ‘पर्वतमाला’ योजना पुढे आणली, तेव्हापासून तर आमदारांच्या भाषणात सभामंडपाची जागा रोपवेनं घेतली आहे. माझं रोपवेशी वैर नाही. रायगडावर 1996 पासून रोपवे आहे. गुडघे गेलेल्या किती आजी-आजोबांना त्यानं महाराजांच्या समाधीपर्यंत नेलं असेल, त्याची मोजदाद नाही. त्याला नावं ठेवणारा माणूस बहुधा तिशीच्या आतला असतो. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. देवस्थान ‘विकसित’ करायचं म्हटलं की आपण आधी शिखर, मग सभामंडप, मग प्रवेशद्वार, मग वाहनतळ, मग रोपवे असा विचार करतो. ज्या पायऱ्यांवरून नव्वद टक्के माणसं जाणार, त्यांचा नंबर शेवटी लागतो किंवा लागतच नाही. बोलोन्याच्या लोकांनी नेमकं उलट केलं. त्यांनी आधी वाट बांधली आणि नंतर आजचं देऊळ. त्याचा हिशोब आज साडेतीनशे वर्षांनी मांडता येतो, म्हणून तो मांडायचा.

टेकडीचं नाव कोल्ले देल्ला ग्वार्दिया, म्हणजे पहाऱ्याची टेकडी. उंची तीनशे मीटरच्या आसपास. सह्याद्रीत वाढलेल्या माणसानं तिला टेकाड म्हणावं. माथ्यावर मादोन्ना दी सान लुका, म्हणजे संत लूकच्या मरियामातेचं चर्च. आत मरियामाता आणि बाळ येशूचं एक जुनं, बायझंटाइन वळणाचं चित्र आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं ते स्वतःच्या हातानं रंगवलं आणि एका ग्रीक यात्रेकरूनं ते कॉन्स्टँटिनोपलहून इथं आणलं, अशी आख्यायिका. चित्र प्रत्यक्षात बाराव्या-तेराव्या शतकातलं असावं असं जाणकार म्हणतात. भाविकांना त्यानं काही फरक पडत नाही, आणि पडायचं कारणही नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस आन्जेलिका नावाच्या एका स्त्रीनं या टेकडीवर एकांतवास धरला आणि 1194 साली इथल्या पहिल्या चर्चची पायाभरणी झाली. पुढे इथं जोगिणींचा मठ झाला. पंधराव्या शतकात चर्च मोठं केलं गेलं.

कथेला खरं वळण मिळालं 1433 साली. त्या वर्षी पाऊस थांबेना. शेतात पीक कुजायची वेळ आली. फ्लॉरेन्सचे लोक अशा संकटात आपली मरियामाता गावात मिरवतात हे माहीत असलेल्या एका कायदेपंडितानं नगरसभेत प्रस्ताव मांडला, की टेकडीवरचं चित्र शहरात आणावं. जुलैच्या पाच तारखेला मिरवणूक निघाली आणि पाऊस उघडला. तेव्हापासून हे चित्र दरवर्षी खाली येतं. ईस्टरनंतर, साधारण मे महिन्यात, एका शनिवारी ते मिरवत शहरात उतरतं, आठवडाभर सान पिएत्रोच्या कॅथीड्रलात मुक्काम करतं आणि रविवारी परत वर जातं. सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जातो, ते पाहिलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. फक्त आपला शेतकरी देवाला पाऊस मागतो आणि यांनी तो थांबवायला सांगितलं, एवढाच फरक.

आता पुढची अडचण बघा. पाऊस थांबवणारी माता दरवर्षी खाली यायची ती वसंतात, म्हणजे तिकडच्या पावसातच. टेकडीची वाट चिखलाची. पालखी घसरणार, म्हातारी माणसं पडणार, पावसात चित्र भिजणार. दोनशे वर्षं लोकांनी हे सहन केलं. सतराव्या शतकात कुणीतरी म्हणालं, की शहरापासून माथ्यापर्यंत अख्ख्या वाटेवरच छप्पर घालू या.

ही कल्पना बोलोन्यातच सुचू शकते. या शहराला कमानींच्या ओवऱ्यांचं जुनं वेड आहे. तिकडे त्यांना पोर्तिको म्हणतात. घराचा वरचा मजला रस्त्यावर पुढे काढायचा, त्याला खांबांनी तोलायचं आणि खालून लोकांना जाऊ द्यायचं. 1288 सालच्या शहराच्या कायद्यानं नव्या घरांना ही ओवरी बांधणं सक्तीचं केलं. यातली मेख अशी, की ओवरीची जमीन घरमालकाची, देखभाल घरमालकाची, पण वहिवाट साऱ्या गावाची. मालकाला ती अडवता येत नाही. आज बोलोन्यात अशा ओवऱ्यांची एकूण लांबी 62 किलोमीटरच्या घरात आहे आणि 2021 साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या शहरांत पदपथ महापालिकेच्या मालकीचे असतात आणि वहिवाट दुकानदारांची असते. असो.

सान लुकाची ओवरी या परंपरेतली सर्वांत लांब. शहराच्या पोर्ता सारागोत्सा या वेशीपासून निघून टेकडीच्या माथ्यापर्यंत सुमारे 3.8 किलोमीटर. कमानी 666. हा आकडा ख्रिस्ती परंपरेत सैतानाचा मानला जातो. वाट सापासारखी वळत जाते आणि तिचं टोक मरियामातेच्या पायाशी संपतं, असा अर्थ लोकांनी त्याला लावला आहे. मोजताना कुणी मुद्दाम ओढूनताणून 666 भरवले असतील, अशी मला दाट शंका आहे.

काम सुरू झालं तेव्हा बोलोन्या काही भरभराटीत नव्हतं. शहर पोपच्या राज्यातलं एक प्रांतिक ठाणं. 1630च्या प्लेगनं माणसं नेली होती. तरी 1674 साली जान जाकोमो मोन्ती या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार पायाभरणी झाली आणि सपाटीवरचा टप्पा भराभर उठला. टेकडीवरचा टप्पा अवघड, कारण तिथं माल वाहून न्यायचा प्रश्न. 17 ऑक्टोबर 1677 या दिवशी शहरातली माणसं वेशीपासून टेकडीपर्यंत रांग करून उभी राहिली आणि त्यांनी बांधकामाचं साहित्य हातोहात वर पोचवलं. उमराव, कारागीर, मोलकरणी, धर्मगुरू एकाच साखळीत. या घटनेची आठवण म्हणून 2003 पासून दर ऑक्टोबरात शाळकरी मुलं तशीच साखळी करतात.

पैसे कुठून आले, हा खरा शिकण्याचा भाग. पोपचा प्रतिनिधी असलेल्या कार्डिनलनं वेशीजवळची मोठी कमान आपल्या खर्चानं उभारली, ती त्याच्या घराण्याच्या नावानं ओळखली जाते. श्रीमंत घराण्यांनी एकेक, दोन-दोन कमानी घेतल्या. कारागिरांच्या संघांनी घेतल्या, धर्मबंधूंच्या मंडळांनी घेतल्या, घरकाम करणाऱ्या नोकरांनी पै-पै जमवून वाटा उचलला. ओवरीतून जाताना भिंतींवर देणगीदारांचे दगडी लेख आणि कुलचिन्हं अजून दिसतात. अख्खा प्रकल्प परवडणारा एकही माणूस शहरात नव्हता. पण एक कमान परवडणारी शेकडो घरं होती. सार्वजनिक काम इतक्या लहान, दिसणाऱ्या, नाव कोरता येणाऱ्या तुकड्यांत विभागण्याची ही हिकमत ज्याला सुचली, त्याला मी दोत्तीपेक्षा मोठा वास्तुविशारद म्हणेन.

दोत्ती कोण, ते आता येतं. अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ओवरी बरीचशी वर पोचली होती. आता खालून येणारी गर्दी सामावायला वरचं चर्च लहान पडू लागलं. म्हणून 1723 साली कार्लो फ्रांचेस्को दोत्ती या बोलोन्याच्याच वास्तुविशारदानं चर्चची नव्यानं, बरोक शैलीत उभारणी सुरू केली. मुख्य काम 1757पर्यंत चाललं. 1765 साली चर्चचं विधिवत अर्पण झालं. दर्शनी बाजूचे दोन मंडप दोत्तीच्या मुलाच्या काळात, 1770च्या दशकात आले. क्रम लक्षात घ्या. वाट पन्नास वर्षं आधीची आणि देऊळ नंतरचं. चर्चचा आकार वाटेनं ठरवला.

चर्चबद्दल माझं मत सांगायचं तर ते इटलीतल्या पहिल्या पंचवीस चर्चमध्ये बसणार नाही. मध्ययुगातलं जे होतं ते बरोक कवचाखाली गेलं. बाराव्या शतकातला दगड शोधायला आलेला माणूस निराश होईल. बाहेरून एक मोठा, गोलाईचा, विटकरी रंगाचा ऐवज टेकडीवर बसलेला दिसतो. बरोक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या गोव्यातल्या सोनेरी वेदी येतात. ती उधळण इथं बाहेरच्या अंगाला नाही. मोठ्या भिंती, मोजक्या खिडक्या, वर घुमट. लांबून दिसावं म्हणून केलेलं हे काम आहे, जवळून न्याहाळावं म्हणून नाही, आणि ते साधलंय. महामार्गावरून घरी परतणाऱ्या बोलोन्याकराला हे चर्च दिसलं की घर आलं असं वाटतं. तिथल्या कुणालाही विचारा. आत ग्रीक क्रुसाच्या चार समान भुजांचा आराखडा आहे. ग्वीदो रेनी आणि ग्वेर्चीनो या बोलोन्याच्या परिसरातल्याच दोन थोर चित्रकारांचं काम आहे, पण उजेड बेताचा, त्यामुळे चित्रांचं पुरतं समाधान होत नाही. मुख्य वेदीच्या मागून जिना चढून मूळ चित्रापाशी जाता येतं. चित्र चांदीच्या आवरणात आहे, उघडे फक्त चेहरे. आपल्याकडच्या मुखवट्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते अजिबात परकं वाटत नाही. चर्चमध्ये प्रवेशाला तिकीट नाही. घुमटावर जाऊन शहर बघायचं असेल तर आहे.

माझ्या दृष्टीनं दोत्तीचं खरं चांगलं काम वर नाही, खाली आहे. सपाटीवरचा टप्पा संपतो आणि चढ सुरू होतो तिथं वाटेला मोठा रस्ता आडवा येतो. त्यावर दोत्तीनं 1730च्या सुमारास मेलोन्चेल्लोची कमान उभारली. वळणदार, नाटकी, बरोकला शोभेशी. पण तिचं काम अगदी व्यवहारी आहे: यात्रेकरूनं गाडीरस्ता न ओलांडता वरच्या वर पलीकडे जावं. घोडागाड्यांच्या काळातला हा पादचारी पूल. आपल्याकडे पादचारी पूल म्हटला की लोखंडी सांगाडा, पत्र्याचं छप्पर आणि त्यावर नेत्याच्या वाढदिवसाचा फलक. पायी चालणाऱ्यासाठीही देखणं काहीतरी बांधावं, हा विचार तिथं होता. चालणारा माणूस गरीब असतो आणि गरिबाला कामचलाऊ पुरतं, हे त्यांनी गृहीत धरलं नाही.

मेलोन्चेल्लोनंतरचा चढ दमवतो. काही ठिकाणी उतरती फरसबंदी, काही ठिकाणी पायऱ्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळ्या कमानी. वाटेत जपमाळेच्या पंधरा रहस्यांच्या, म्हणजे जप करताना आठवायच्या येशू-मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या, पंधरा देवळ्या आहेत. भाविक तिथं थांबून प्रार्थना म्हणतो. ज्याला प्रार्थना म्हणायची नाही तो तिथं थांबून धापा टाकतो. दोघांनाही थांबायला कारण मिळतं आणि दोघांचंही डोकं सावलीत असतं.

आता या वाटेवर कोण असतं ते बघा. बोलोन्या हे दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतलं सर्वांत लाल शहर. 1945 पासून अर्धशतकाहून अधिक काळ तिथं डाव्यांची सत्ता होती, त्यातला बराच काळ कम्युनिस्ट महापौर. तरी मिरवणूक चालू राहिली. पायथ्याशी शहराच्या फुटबॉल क्लबचं मैदान आहे, ओवरी त्याच्या जवळूनच जाते. 2019 साली क्लबचे प्रशिक्षक सिनिशा मिहायलोविच यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा शेकडो चाहते चालत सान लुकाला गेले. त्यातले किती रविवारी चर्चला जात असतील? 2024च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत स्वारांनी शेजारचा गाडीरस्ता एकाच दिवसात दोनदा चढला आणि लोक रस्त्याकडेला गर्दी करून उभे होते. देवासाठी बांधलेली वाट आता गावाची झाली आहे. श्रद्धा ओसरली तरी तिचा वापर ओसरला नाही, कारण ती श्रद्धा तपासत नाही. रोपवेला हे जमलं नाही. त्याच्याकडे माणसाला वर पोचवणं हे एकच काम होतं आणि ते मोटारीनं जास्त सोयीनं केलं.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसाचं काय? 666 कमानी त्याच्या काय कामाच्या? खरंच, त्याच्यासाठी त्या बिनकामाच्या आहेत. त्याच्यासाठी बोलोन्यात वरपर्यंत गाडीरस्ता आहे, शहराच्या मुख्य चौकातून लहानशी पर्यटक-गाडीही जाते. म्हणजे तिथं दोन्ही सोयी आहेत. माझं म्हणणंही हेच आहे, की वाहन असावं, पण ते पायवाटेच्या जोडीला असावं, तिच्या ऐवजी नाही. दुसरा आक्षेप देखभालीचा. तीन शतकं जुनी, पावणेचार किलोमीटरची ओवरी सांभाळणं म्हणजे कायमचं खर्चाचं खातं. गिलावा पडतो, ओल येते, भिंतींवर पोरं रंगाचे फवारे मारतात. ओवरी चकचकीत आहे असं कुणी समजू नये. 2013 साली दुरुस्तीसाठी शहरानं लोकवर्गणी सुरू केली. लक्ष्य तीन लाख युरोंचं होतं. सात हजारांहून अधिक लोकांनी पैसे देऊन ते ओलांडलं. ज्या वाटेवर आजोबा चालले, बाप चालला, तिला पाच-दहा युरो द्यायला माणूस फार विचार करत नाही. बंद पडलेल्या रोपवेसाठी अशी वर्गणी निघाली असती का, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

आता आपल्याकडे येऊ.

25 जानेवारी 2005. शाकंभरी पौर्णिमा. वाईजवळच्या मांढरदेवी गडावर काळूबाईची यात्रा. अरुंद वाट, दोन्ही अंगांना दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, वर जाणारी आणि खाली येणारी गर्दी समोरासमोर. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, अडीचशेहून अधिक माणसं गेली. सरकारनं न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला. त्या दिवशी मेलेली माणसं देवळात मेली नाहीत, वाटेवर मेली. डोंगरावरच्या देवस्थानात वाट ही देवळाइतकीच मुख्य इमारत असते, हे समजायला आपल्याला याहून मोठा पुरावा नको होता.

आणि ही गोष्ट रोपवेनं सुटत नाही. साधा गुणाकार करा. ताशी हजार माणसं नेणारा रोपवे धरला आणि तो दिवसाचे बारा तास न थांबता चालला, तर बारा हजार माणसं वर गेली. यात्रेच्या दिवशी लाख माणूस येत असेल तर उरलेले अठ्ठ्याऐंशी हजार कुठून जाणार? पायऱ्यांवरूनच. वणीच्या सप्तशृंगी गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोरानं ओढली जाणारी गाडी, आहे. एरवीच्या दिवशी ती मोठी सोय आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी तर वरदानच. पण चैत्रोत्सवात खानदेशातून उन्हात पायी आलेले जथे गडावर लोटतात, तेव्हा भार पायऱ्यांवरच येतो. रोपवे सुट्टीच्या गर्दीचा प्रश्न सोडवतो, यात्रेच्या गर्दीचा नाही. माणसं मरतात ती यात्रेत. शिवाय रोपवेचं तिकीट असतं. चौघांच्या कुटुंबाला जाऊन-येऊन जे पडतं ते मजुराच्या दिवसभराच्या कमाईतून वजा होतं, म्हणून तो चालतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत तो जुन्या वाटेवर, आणि जुन्या वाटेकडे आता कुणी बघायलाही तयार नाही, कारण ‘सोय’ झालेली आहे.

हे आपल्याला कधीच कळत नव्हतं असंही नाही. जेजुरीच्या गडावर चढताना ज्या दगडी कमानींखालून आपण जातो, ज्या दीपमाळांच्या रांगेतून जातो, त्या भाविकांनी नवसापोटी उभारलेल्या आहेत. कित्येकांवर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. नवसाचा पैसा वाटेवर खर्च करायची रीत आपल्याकडे शतकानुशतकं होती. पुण्याच्या पर्वतीच्या रुंद, सावकाश चढणाऱ्या पायऱ्या पेशव्यांच्या काळातल्या. त्यांची चढण आजही साठीतल्या माणसाला झेपते, आणि देव न मानणारे कित्येक पुणेकर रोज पहाटे त्या चढतात. मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीच्या पायऱ्यांवर सप्टेंबरातल्या जत्रेला कोणत्या धर्माची किती माणसं असतात, ते मोजायला गेलं तर मोजणाराच गोंधळेल. सान लुकाच्या वाटेवर जे घडतं ते आपल्याकडेही घडत आलं आहे. फक्त ते मोलाचं आहे असं आपण कागदावर कुठं लिहीत नाही.

आज भाविक पैसे द्यायला मागे आहेत का? मुळीच नाही. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर, संगमरवरी लादीवर, पाण्याच्या टाकीवर, घड्याळावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असतंच. या दात्याला कुणी सांगितलेलं नाही, की पायऱ्यांवरच्या सावलीचा एक गाळा, दहा फूट लांबीचा, तुमच्या आईच्या नावानं उभारता येईल. नमुना एकच, दगड स्थानिक, खर्चाचा आकडा फलकावर लिहिलेला आणि नावाची पाटी एक वीत. देवस्थान समित्यांनी हे करून पाहावं. सभामंडपाला कोटी लागतात, ते एक-दोन दात्यांकडूनच येतात आणि मग त्या दात्यांचं ऐकावं लागतं. गाळे शंभर जण घेतात आणि कुणाचंच ऐकावं लागत नाही.

छपराबद्दल एक खबरदारी. सह्याद्रीचा पाऊस बोलोन्याच्या पावसासारखा नाही. सलग विटांची ओवरी इथं दोन पावसाळ्यांत शेवाळून जाईल, आणि किल्ल्यावरच्या देवळांना पुरातत्त्व खात्याचे नियम आहेत. तेव्हा तसंच उचलून आणा असं मी म्हणत नाही. कुठं झाडांची सावली पुरेल, कुठं नुसता कठडा आणि बसायचे ओटे पुरतील. अंजनेरीसारख्या ठिकाणी तर काहीच नवं बांधू नये. अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेला नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी विरोध केला तो तिथल्या गिधाडांसाठी आणि तिथल्याच कड्यांवर उगवणाऱ्या दुर्मीळ वनस्पतींसाठी. तो विरोध मला पूर्ण पटतो. तिथं जुनी वाट नीट राखणं एवढंच काम आहे, आणि तेवढं केलं तरी पुष्कळ होईल.

पण जिथं रोपवे होणारच आहे तिथं दोन गोष्टी आधी मागून घ्याव्यात. एक, रोपवेची निविदा निघण्यापूर्वी पायवाटेचं काम पूर्ण झालेलं असावं. चढायची आणि उतरायची वाट वेगळी, दुकानं वाटेपासून मागे, ठराविक अंतरावर पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह वर आणि खाली नव्हे तर मध्येही, यात्रेच्या दिवशी झोळी घेऊन उतरता येईल अशी एक मोकळी पट्टी, नारळ फोडायची जागा पायऱ्यांपासून लांब. यातलं एकही काम अवघड तंत्रज्ञानाचं नाही, आणि यातल्या एकाही कामाचं उद्घाटन फीत कापून करता येत नाही, म्हणूनच ती मागे पडतात. दोन, रोपवेच्या प्रत्येक तिकिटातला ठराविक हिस्सा पायऱ्यांच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात जावा आणि त्या खात्याचा हिशोब दरवर्षी पायथ्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. कंत्राट वीस-तीस वर्षांचं असतं. नफा आटला की कंपनी जाते, जशी सगळीकडे जाते. तेव्हा पायऱ्या शाबूत असायला हव्यात, आणि त्या दुरुस्त करायला खात्यात पैसेही.